बिनखिळ्याचं घर

चारशे वर्षं मी तीन दिवसांत पुसून काढली. एक सँडिंग मशीन, दोन हेल्पर आणि माझा उत्साह, एवढ्यावर काम भागलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी यार्डात उभी राहून मी त्या गुळगुळीत लाकडांकडे पाहिलं आणि मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की घरी जाताना दुबईतल्या करामाच्या दुकानातून मी स्वतःसाठी मोगऱ्याचा गजरा घेतला. गजऱ्याचा भाग मी सहसा सांगत नाही.

परवा नातीला सांगितला. ती आर्किटेक्चर शिकते, डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या डायनिंग टेबलावर पुठ्ठ्याची घरं चिकटवते आणि मराठी प्रश्नाला इंग्रजी उत्तर देते. कानातली बोंडं काढून ती म्हणाली, "आजी, दॅट्स अॅक्च्युअली अ क्राइम."

मी म्हटलं, "असेल बाई. पण यार्ड किती छान दिसत होतं."

मग तिने विचारलं की ते निस्तरलं कुणी. ते सांगायचं तर कासमचाचांबद्दल सांगावं लागतं, आणि कासमचाचा दोन वाक्यांत मावणारे नव्हते. म्हणून लिहायला बसले.

वीस-बावीस वर्षं झाली त्याला. मी त्रेचाळीस वर्षांची होते, म्हणजे मला सगळं कळतं असं वाटण्याचं वय. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एका कंपनीत मी कोऑर्डिनेटर होते. हॉटेलं, व्हिला, दुकानं आतून सजवून देणारी कंपनी. कोऑर्डिनेटर म्हणजे जिला कुठलंच काम येत नाही पण सगळ्यांच्या कामाच्या याद्या ठेवता येतात. माझ्या याद्या फार सुंदर असत. रंगीत मार्करने अधोरेखित.

तर आमचा एक क्लायंट होता, इथलाच, अल ऐनच्या वाटेवर मोठा मजरा असलेला. मजरा म्हणजे खजुराची झाडं, शेळ्या, उंट असलेलं शेतघर. सगळे त्याला अरबाब म्हणत, मालक या अर्थाने, म्हणून मीही तेच म्हणते. तरुणपणी तो इंग्लंडला शिकायला होता आणि तिथल्या खेड्यात एका शेतकऱ्याच्या घरी भाड्याने राहिला होता. ते घर होतं चारशे वर्षांपूर्वीचं. विटांचं नाही, दगडाचं नाही. ओकच्या जाडजूड खांबांचा आणि तुळयांचा सांगाडा, आणि खांबांच्या मधल्या जागेत काठ्या विणून त्यावर माती लिंपलेली. पुढे ते घर पाडायचं ठरलं. अरबाबला कुणीतरी कळवलं. त्याने तो सांगाडा विकत घेतला, एकेक लाकूड सुटं करवलं, कंटेनरमध्ये भरलं आणि आमच्या यार्डात आणून टाकलं. त्याच्या मजऱ्यावर ते घर पुन्हा उभं करायचं काम आमच्याकडे होतं.

एकशे सत्त्याऐंशी लाकडं होती. मी मोजली, यादी केली. प्रत्येकावर प्लास्टिकचा एक टॅग स्टेपल केलेला होता, आणि त्याखेरीज प्रत्येकाच्या टोकाशी चाकूने ओरखडे काढलेले होते. दोन उभ्या रेघा, एक तिरकी, कुठे रेघेला शेपूट. मला वाटलं, कुणीतरी रिकामटेकड्याने चाळा केलाय. आणि वरून धूळ, काजळी, कोळिष्टकं. बडेसाहेबांनी, म्हणजे आमच्या मॅनेजरने, मला सांगितलं की अरबाबची माणसं पुढच्या आठवड्यात माल बघायला येतील, यार्ड जरा बरं दिसू दे.

माझं माहेर साताऱ्याचं. पाहुणे येणार म्हटलं की आमच्याकडे आधी घर खरवडून काढतात, मग पाहुण्यांचा विचार करतात. मी ती सगळी लाकडं मशीनने घासून घेतली. टॅग कुरूप दिसत होते, म्हणून ते उपटले. फेकले मात्र नाहीत, मी काय वेंधळी आहे? नंबरवार लावून एका डब्यात ठेवले आणि डब्यावर सुंदर अक्षरात लिहिलं, 'टॅग्ज'.

हे सगळं झालं कारण कासमचाचा गावी गेले होते. धाकट्या मुलीचं लग्न होतं. ते असते तर मशीनची वायर त्यांनी दातांनी तोडली असती.

कासमचाचा रत्नागिरीकडचे, जयगडच्या खाडीकाठचे. बाप मचवे बांधायचा, आजाही तेच. गल्फात आले तेव्हा आधी धाऊ, म्हणजे अरबी गलबतं, बांधणाऱ्यांकडे राबले, मग फायबरच्या बोटी आल्या तसे आमच्या कंपनीत फर्निचरकडे वळले. बुटके, पायांत जरा वाकलेले, चष्म्याची काडी सुतळीने बांधलेली, डोक्यावर जाळीची टोपी. ऑफिसात सगळ्यांना सर आणि मॅडम म्हणायची रीत होती. चाचा सगळ्यांना नावाने हाक मारायचे, मला 'बाय', आणि बडेसाहेबांना काहीच म्हणायचे नाहीत. त्यांच्या समोर जाऊन उभे राहायचे आणि सरळ विषयाला हात घालायचे.

त्यांची एक खोड यार्डात प्रसिद्ध होती. स्वतः बनवल्याखेरीज ते कशावर बसत नसत. वीतभर उंचीचं सागाचं एक स्टूल होतं, चार पाय, मध्ये बोट घालून उचलायला खाच. ते घेऊन फिरायचे. साइटवर स्टूल, व्हॅनमध्ये सीटच्या पुढे स्टूल, बँकेच्या रांगेत स्टूल. बडेसाहेबांच्या केबिनमध्ये चामड्याच्या खुर्च्या होत्या. चाचा आत जायचे, खुर्ची बाजूला सरकवायचे आणि आपलं स्टूल ठेवून त्यावर बसायचे. टेबलाच्या पलीकडे मग साहेबांना फक्त टोपी दिसायची. साहेब बोलता बोलता वाकायचे, आणि मला बाहेरून काचेतून असं दिसायचं की मॅनेजर फोरमनपुढे वाकतोय. हे चाचांना ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही.

दुसरी खोड खिळ्याची. खिळा, स्क्रू, बोल्ट, कशालाही ते हात लावायचे नाहीत. फर्निचरच्या कंपनीत राहून हे कसं जमवलं ते त्यांनाच माहीत. "खिळा म्हणजे आळशाचा जबाब," म्हणायचे. एकदा मी हौसेने त्यांना करामाला जेवायला बोलावलं. कुर्लीचं सार केलं होतं. आमचं डायनिंग टेबल नवंकोरं, काचेसारखं चमकणारं, मी सगळ्या बिल्डिंगला दाखवलेलं. चाचा आले, सलाम झाला, पाणी झालं, आणि त्यांनी ते टेबल उलटं केलं. जेवायच्या आधी. माझ्या यजमानांच्या देखत. खालून बघितलं, बोटाने टकटक केलं, भुशाचा चिमूटभर चुरा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "बाय, हा लाकूड नाय. हा लाकडाचा उष्टा." मग टेबल नीट सुलटं करून स्टूल मांडलं आणि भिंतीशी बसून तीन वेळा सार मागून घेतलं. माझे यजमान दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हते. टेबल सहा महिन्यांनी फुगलं.

तर असे चाचा गावाहून परत आले. लग्नाचे लाडू घेऊन थेट यार्डात. लाकडांच्या ढिगाशी जाऊन त्यांनी एका तुळईवर हात ठेवला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. टोकाशी अंगठा फिरवत राहिले. मी लाडू खात कौतुकाची वाट बघत उभी होते.

"खुणा कुठे हायत?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, कुठल्या खुणा, ते ओरखडे? ते काढले मी.

ते स्टूलवर बसले. मग त्यांनी मला समजावलं, शाळेतल्या ढ मुलाला समजवावं तसं. असल्या घरात खिळा नसतो. एका लाकडाच्या टोकाला जीभ काढलेली असते, तिला कुसू म्हणतात. दुसऱ्या लाकडात तिच्या मापाची खाच. जीभ खाचेत जाते आणि आडवी लाकडी खुंटी मारून सांधा आवळतात. सगळं हाताने केलेलं, त्यामुळे एकाचा कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही. सुतार घर आधी जमिनीवर जुळवतो, प्रत्येक जोडीवर सारखी खूण चिरतो, मग सोडवून उभं करतो. डावी बाजू उजवीत मिसळू नये म्हणून एका बाजूच्या रेघेला शेपूट.

"आमच्या गावात पण वासे असेच खुणवतात," ते म्हणाले. "त्या गोऱ्याने चारशे वर्षांमागे चिठी लिवून ठेवलेली. मला. तू ती धुतलीस."

माझ्या हातात अर्धा लाडू होता. तो मी खाल्ला की नाही आठवत नाही. बहुतेक खाल्ला असेन, तेव्हा मी तशीच होते.

बडेसाहेबांनी मार्ग अर्ध्या तासात काढला. सगळे कुसू कापून टाकायचे, लोखंडी पट्ट्या आणि बोल्ट मारून सांगाडा उभा करायचा, वरून फळ्या लावून लोखंड झाकायचं. अरबाब उन्हाळाभर परदेशी होता, परत आल्यावर त्याला काय कळणार? चाचांना बोलावणं गेलं. ते स्टूल घेऊन आत गेले. दार उघडं राहिलं होतं आणि मी मुद्दाम फाइल शोधत दारापाशी घुटमळत होते.

साहेबांनी बोल्टचा बेत सांगितला. चाचा त्यांच्या कोकणी हिंदीत म्हणाले, "ये घर में एक खिळा नहीं. चार सौ साल खडा था, बरफ में, बारिश में. तुम्हारा टेबल के नीचे कागद लगाया है."

लावला होता खरा. घडी घातलेला, पुढच्या डाव्या पायाखाली. मीच लावला होता.

साहेब चिडले. म्हणाले, तुझं वय झालंय, व्हिसा संपत आलाय, जमत नसेल तर तिकीट काढून देतो. चाचा म्हणाले, तिकीट काढा, पण महिन्यानंतरचं. महिन्यात मी हे घर बिनखिळ्याचं उभं करतो. नाही जमलं तर तुम्ही बोल्ट मारा, मी जातो. जमलं तर यात लोखंड जाणार नाही. आणि स्टूल उचलून ते बाहेर आले. परवानगीची वाट त्यांनी पाहिली नाही.

आता दुसरी गोष्ट, जी गजऱ्याहून वाईट आहे.

अरबाबची माणसं माल बघून गेली, त्यांना खुणा कशा गेल्या याचा कागदावर खुलासा हवा होता. साहेबांनी मला बोलावून पत्र सांगितलं. कारपेंट्री फोरमनच्या निष्काळजीपणामुळे सँडिंग झालं आणि खुणा नष्ट झाल्या, सबब ही अंतिम ताकीद. माझी जबाबदारी लिहिली तर यार्ड बरं दिसू दे म्हणणाऱ्या साहेबांपर्यंत ती पोचली असती. फोरमनपर्यंत थांबली की सगळ्यांची सोय. मी ते टाइप केलं. एकही चूक नव्हती टायपिंगमध्ये. मार्जिन सुरेख.

आणि सहीसाठी ते चाचांकडे मीच नेलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही असं सगळे धरून चालत. त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा सारखा केला आणि विचारलं, "काय लिवलाय?"

मी म्हटलं, काम लांबल्याबद्दल आहे, नेहमीचंच.

त्यांनी कागदाकडे जरा वेळ पाहिलं आणि कानावरची पेन्सिल काढून सही केली. मी म्हटलं, चाचा, पेनने लागते. तर माझ्याच पेनने पुन्हा सही केली. मग म्हणाले, उद्यापासून सकाळी सहाला यार्डात यायचं, ऑफिसला नाही. ज्याने पुसलं त्याच्या हाताला आठवतं कुठे काय होतं. आणि येताना घरून तांदळाची पिठी आण.

पिठी कशाला ते सकाळी कळलं. कोवळं ऊन यार्डात आडवं पडतं तेव्हा चाचा लाकूड उन्हाला तिरपं धरायचे आणि मी टोकावर पिठी चोळायची. मशीनने वरचा थर गेला होता, पण त्या इंग्रज सुताराचा हात भारी होता. काही चिरा खोल गेल्या होत्या. पिठी पुसली की तळाशी पांढरी केसासारखी रेघ उरायची. एक रेघ सापडली की चाचा खडूने ती ठसठशीत करायचे आणि मला म्हणायचे, लिही. मी लिहायचे. माझ्या याद्या पहिल्यांदाच कुणाच्या तरी कामाला येत होत्या.

अशा साठ-सत्तर लाकडांच्या खुणा सापडल्या. बाकीच्यांना चाचांनी हाताने वाचलं. मी याला दुसरा शब्द वापरू शकत नाही. काजळी लागलेली लाकडं वेगळी काढली, ती चुलीच्या बाजूची. एका खांबाला कमरेएवढ्या उंचीवर गुळगुळीत खळगा होता. चाचा म्हणाले, इथे गुरं अंग घासायची, हा गोठ्याकडचा. दाराच्या एका खांबावर थेंबाच्या आकाराचे जळके डाग होते, मुद्दाम मेणबत्ती टेकवल्यासारखे. मी म्हटलं आग लागली असेल. ते म्हणाले, "आग लागू नये म्हणून लावलेत. दृष्ट काढलीय घराची. तुझी आई नाय काढत?" खरंखोटं त्या सुतारालाच माहीत. पण तो खांब त्यांनी दाराला लावला आणि तो तिथेच बसला.

भिंतींचा नकाशा बघून तर ते मोठ्याने हसले. उभ्या काठ्या, त्यात विणलेल्या आडव्या फांद्या, वर माती. "हा तर कूड," म्हणाले. "आमचा आख्खा गाव कुडाच्या घरात जन्मला. म्हणजे विलायतेचा शेतकरी पण आमच्यातलाच." आमच्या डिझायनरने जिप्समचे तयार बोर्ड सुचवले होते. चाचांनी तो कागद घडी करून मला दिला आणि म्हणाले, साहेबाच्या टेबलाला दुसऱ्या पायाखाली लाव. कुडाला लागणारी करवी इथे कुठून मिळणार, म्हणून त्यांनी खजुराच्या फांद्यांचे दांडे मागवले.

एके दिवशी खुंटीच्या भोकांशी मी अडकले. लाकूड जुळलं होतं, कुसू खाचेत बरोबर गेला होता, पण आरपार बघावं तर कुसवातलं भोक खाचेच्या भोकाशी जुळत नव्हतं. किंचित सरकलेलं. मी म्हटलं, चाचा, ही जोडी चुकलीय.

ते खूश झाले. "चुकली नाय, चुकवलीय. तांदूळभर चुकवायचं असतं. खुंटी वाकडी होऊन आत शिरते, भोक सरळ करायला बघते आणि कुसू आत खेचते. सरळ भोक पाडलं तर सांधा दिसायला चांगला. पण वाऱ्यात हलतो." मग त्यांनी हाताने तासलेली नवी खुंटी ठेवली, लाकडी हातोडा उचलला, आणि चौथ्या घावाला त्या दोन लाकडांमधली फट माझ्या डोळ्यांदेखत मिटली. चारशे वर्षांची जोडपी अशी मिटताना पाहिली की माणूस उगाच भावुक होतो. मी झाले. चाचांनी विचारलं, पिठी डोळ्यात गेली काय.

महिना संपायला चार दिवस होते तेव्हा सगळं मजऱ्यावर नेलं. बाजू जमिनीवर आडव्या जुळल्या होत्या, आता क्रेनने उभ्या करायच्या होत्या. तर क्रेन आली नाही. दुसऱ्या साइटवर गेली म्हणे. साहेबांनी फोनवर सांगितलं की पुढच्या आठवड्यात मिळेल, इन्शाल्ला. पुढच्या आठवड्यात महिना संपत होता. त्या इन्शाल्लामध्ये अल्लाची इच्छा फारशी नव्हती.

चाचा त्या संध्याकाळी मजुरांच्या कॅम्पवर गेले, स्टूल घेऊन. कुणाशी काय बोलले मला ठाऊक नाही. शुक्रवारी सुट्टी असायची. त्या शुक्रवारी नमाजानंतर ऊन उतरल्यावर एक बस मजऱ्यावर आली आणि त्यातून तीसेक माणसं उतरली. पेशावरचे, सिल्हेटचे, मलप्पुरमचे, दोन नेपाळी, आमच्या यार्डातले, काही शेजारच्या कंपनीचेही. चाचांनी दोन मोठ्या बल्ल्यांची कैची केली, मचव्याची डोलकाठी उभी करतात तशी, दोर बांधले, माणसं दोन बाजूंना वाटली. मग स्टूलवर उभे राहिले. त्या स्टूलवर त्यांना उभं पाहिलेलं तेवढंच. आणि ओरडले ते कोकणीत. एकालाही कोकणी येत नव्हती. सगळ्यांनी बरोबर त्याच क्षणी ओढलं.

पहिली बाजू जमिनीवरून सुटली तेव्हा लाकूड कण्हलं. मी पाठ फिरवली. चौदा वेळा तरी मी त्या दिवशी पाठ फिरवली असेल. दिवस मावळला तोवर सांगाडा उभा होता, वाळूत, मागे उंट रवंथ करत असलेले, आणि छपराचं आढं ओळंब्याला तंतोतंत. चाचांनी ओळंबा गुंडाळला, खिशात टाकला आणि सगळ्यांना म्हणाले, "खलास. चाय."

अरबाब आला तेव्हा छप्पर झालं होतं, कूडही लिंपून झाला होता. साहेब सुटात. आम्ही ओळीने. तो अंगणात थांबला आणि भिंतीवरून हात फिरवू लागला. एका कोपऱ्यात लिंपण अपुरं होतं, आतले खजुराचे दांडे दिसत होते. त्याने ते बोटाने मोजले आणि काहीतरी म्हणाला. त्याच्या ड्रायव्हरने आम्हाला हिंदीत सांगितलं की बाबाच्या, म्हणजे अरबाबच्या, आजोबांचं घर खजुराच्या फांद्यांचं होतं, ते आठवलं त्यांना.

मग तो दाराकडे वळला. साहेबांशी बोलत होता, मान मागे वळलेली, दाराकडे लक्ष नाही. दार फार बुटकं. मी ओरडणार होते की डोकं सांभाळा. पण उंबऱ्याशी आला आणि त्याचं डोकं आपोआप खाली झुकलं. न बघता. बरोबर त्या जागी, बरोबर तेवढंच. मग त्याचं त्यालाच कळलं. तो तिथेच थांबला, वरच्या तुळईवर हात ठेवून. सुतारकामातलं मला आजही काही कळत नाही, पण घर बरोबर जुळलं आहे याचा तेवढा पुरावा मला पुरला.

त्याने विचारलं, खुणा पुसल्या गेल्या असं कळवलं होतं, मग हे जमलं कसं? साहेब म्हणाले की फोरमनच्या हातून चूक झाली होती, त्याला ताकीद दिली आहे, पण मॅनेजमेंटने परिस्थिती सावरली.

चाचा कोपऱ्यात स्टूलवर बसून खुंटी तासत होते. त्यांनी मानही वर केली नाही.

आता मी शूर होते वगैरे काही समजू नका. घशातून जो आवाज आला तो माझा नव्हता, आमच्या सातारच्या शाळेतल्या बाईंचा होता. पण मी म्हटलं. इंग्रजीत, हिंदीत, मध्ये मराठीतही. खुणा मी पुसल्या. साहेबांनी यार्ड साफ करायला सांगितलं आणि मी अक्कल न वापरता केलं. चाचा गावी होते, मुलीच्या लग्नाला. पत्र मी टाइप केलं आणि त्यात काय आहे ते त्यांना खोटं सांगितलं. साहेब म्हणाले, मिसेस राणे, यू आर नॉट वेल. मी म्हटलं, आय अॅम व्हेरी वेल.

अरबाबने माझ्याकडे पाहिलं. मग कासमचाचांपाशी गेला आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर, नव्या लिंपलेल्या भिंतीला टेकून, त्या पांढऱ्याशुभ्र पायघोळ कंदुऱ्यासकट बसला. आता टोपीच्या खाली त्याचं डोकं आलं होतं. दोघे बराच वेळ लाकडाबद्दल बोलत होते, एक अरबीत, एक कोकणीत.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर मला कामावरून काढल्याचं पत्र होतं. ते दुसऱ्या कुणीतरी टाइप केलं होतं. तीन चुका होत्या.

चाचांचा व्हिसा कंपनीने वाढवला नाही. अरबाबने सांगितलं की मी माझ्या नावावर घेतो, इथेच राहा, घर सांभाळा. चाचांनी नकार दिला. म्हणाले, मी घर बांधायला आलो, राखण करायला नाय. मी समजावलं, उतारवय आहे, पगार मिळेल, काम नाही. "काम नाय म्हणून तर नको," म्हणाले.

मी त्यांना विमानतळावर सोडायला गेले. रांग लांबलचक, टीव्ही आणि ब्लँकेटांनी लादलेल्या ट्रॉल्या. चाचांकडे एक गोणपाटात बांधलेली हत्यारांची पेटी, बाहेर आलेला वाकसाचा दांडा, आणि स्टूल. रांगेत ते स्टूलवर बसले होते. रांग पुढे सरकली की न उठता, पायांनीच स्टूल पुढे ढकलायचे. मागचा माणूस हसत होता, पुढची बाई वैतागली होती. गणवेशातल्या एका पोराने येऊन सांगितलं की इथे बसायला परवानगी नाही. चाचांनी त्याला स्टूलच्या पायाचा सांधा दाखवला आणि खिळा शोध म्हणाले. त्या पोराने खाली वाकून खरंच शोधला.

मी तिथे, त्या गर्दीत, माफी मागितली. पत्राची. म्हटलं, मी तुम्हाला खोटं सांगितलं आणि तुम्ही विश्वासाने सही केलीत.

ते म्हणाले, विश्वासाने कुठली, सँडिंग हा शब्द तीस वर्षं ड्रॉइंगवर रोज बघतोय, तेवढा ओळखता येतो. त्या कागदात तो दोनदा होता.

मग सही का केलीत?

त्यांनी स्टूल एक हात पुढे ढकललं. काउंटर आला होता. पेटी पट्ट्यावर चढवली, वळून माझ्याकडे बघितलं, आणि हसले नाहीत.

"भोक तांदूळभर चुकवायचं असतं, बाय, तेव्हाच सांधा आवळतो. तू नारळभर चुकलीस. पण लाकूड जुना होता, फुटला नाय."